सोलापूर ते कोल्हापूर, क्रॉस कंट्रीसाठी

क्रॉस कंट्रीत, म्हणजे माळरानावरून चढ-उतार घेत धावायच्या लांब शर्यतीत, संघाचं पदक बेरजेवर ठरतं. सहा जण धावतात, त्यातल्या पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवतात आणि ज्यांची बेरीज सर्वांत कमी तो संघ वर. एका संघाचे चौघे २, ५, ३० आणि ४८ व्या क्रमांकावर आले तर बेरीज ८५ होते. दुसऱ्याचे १४, १७, २२ आणि २७ व्या क्रमांकावर आले तर ८०. दुसरा संघ जिंकतो, आणि त्याचा एकही धावपटू पहिल्या दहात नसतो. बेरीज सारखीच निघाली तर ज्या संघाचा चौथा धावपटू पुढे असेल तो संघ वरचढ ठरतो. म्हणून असा दौरा आखताना गाडी, जेवण, झोप, सगळं चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या धावपटूला समोर ठेवून ठरवावं. पहिला धावपटू सहसा चार स्पर्धा पाहिलेला असतो, आपलं आपण निभावतो. चौथ्याची झोप मोडली किंवा पोट बिघडलं, तर तो पंधरा-वीस जागा मागे जातो आणि त्या सगळ्या जागा बेरजेत धरल्या जातात.

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाचे दोन्ही संघ, सहा मुलं आणि सहा मुली, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापूरला राज्यस्तरीय स्पर्धेला जाऊन आले. दोन्ही गटांना अंतर १० किमी, २ किमीच्या पाच फेऱ्या. सोबत क्रीडाशिक्षक सर, मुलींच्या संघाच्या मॅडम, मोजणीसाठी एक मदतनीस विद्यार्थी आणि सतरा सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरचे चालक, ज्यांना सगळे मामा म्हणतात. पुढे कुणाला असा दौरा काढायचा असेल तर उपयोगी पडावा म्हणून हा तपशील.

गुरुवार: पिशव्या

निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाची पिशवी मैदानावरच उघडून पाहिली. सर्वांत जास्त वेळ स्पाइक्सवर, म्हणजे तळव्याला टोकदार पिना असलेल्या धावायच्या बुटांवर गेला. पिना महिनोन्महिने बुटात तशाच राहिल्या की आट्यांत माती आणि गंज बसतो. मग ऐन वेळी पाना फिरतो, पिन जागची हलत नाही, आणि जोर लावावा तर पिनेचे चपटे काठ झिजून ती कायमची अडकते. अशा पिनेच्या आट्यांत शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडून दहा मिनिटं थांबायचं, आधी किंचित घट्ट दिशेला आणि मग उलटी फिरवायची. बहुतेक वेळा सुटते. रिकाम्या भोकातली माती टाचणीने उकरून, नव्या पिनेच्या आट्यांना टिपूसभर व्हॅसलिन लावून ती बसवावी. पाना मनगटाच्या जोराने फिरेल तेवढाच फिरवावा, त्यापुढे नाही.

एका बुटाला सहा पिना धरल्या तर जोडीला बारा. ६, ९ आणि १२ मिमीचे संच वेगवेगळ्या डब्यांत, डब्यावर मापाची चिठ्ठी, आणि पाने दोन, कारण एक हरवतोच. मातीच्या कोर्सवर, म्हणजे शर्यतीच्या मार्गावर, नियमाने २५ मिमीपर्यंत पिन चालते. पण आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत १२ मिमीच्या पुढे जायची वेळ येत नाही. लांब पिन कडक जमिनीत रुतत नाही, मग तळपायाला खालून टोचत राहते आणि घोटा मुरगळायची भीती वाढते.

कागदपत्रांची फाईल एकाच माणसाकडे असावी: पात्रता फॉर्म, दहावीचं प्रमाणपत्र, बोनाफाईड, कॉलेजचं ओळखपत्र, आधार, मूळ प्रती आणि प्रत्येकी दोन झेरॉक्स, चार फोटो. मॅडमच्या पिशवीत सॅनिटरी पॅड, काळ्या शॉर्ट्सच्या दोन जादा जोड्या आणि पाळीत दुखलं तर मुली नेहमी घेतात ती गोळी. पाळी शर्यतीच्या दिवशीच आली म्हणून धावायला हरकत नसते, तयारी मात्र हवी. हे मुलींशी आधीच मोकळेपणाने बोललेलं असलं की मैदानावर कुणी गप्प राहून त्रास काढत नाही.

औषधांबाबत एक सूचना इथेच. सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून कुठलीही गोळी घेऊ नका. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि लघवीत त्याचं प्रमाण मर्यादेपुढे गेलं तर स्पर्धेच्या दिवशी तो उत्तेजक द्रव्याचा दोष ठरतो. पाकिटावरचे घटक सरांना वाचून दाखवल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, हा नियम संघात पाळला जातो.

शुक्रवार: मंगळवेढा, सांगोला, मिरज

प्रवासाच्या दिवशी धाव सकाळीच उरकावी. पहाटे संभाजी तलावाकाठी अर्धा तास हलकं धावणं झालं, आंघोळ-नाश्ता झाला आणि साडेआठला गाडी निघाली. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा रस्ता आहे. थांबत जायचं तर सहा तास धरावेत.

सीटची वाटणीसुद्धा विचार करून करावी लागते. ज्यांना गाडी लागते ते पुढे, उंच मुलं मधल्या वाटेच्या कडेला, म्हणजे पाय लांब करता येतात. स्पाइक्स आणि स्पर्धेचे कपडे टपावर बांधायचे नाहीत, पायाशी ठेवायचे. दर दीड तासाने गाडी थांबवून दहा मिनिटं चालायचं, गाडीला धरून दोन्ही पाय पुढे-मागे पंधरा-पंधरा वेळा झुलवायचे. बसून बसून मांडीचा मागचा स्नायू आखडतो, तो त्या दिवशी जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी जोर लावला की ओढ बसते.

माचणूरजवळ भीमा ओलांडली. औरंगजेबाची छावणी ब्रह्मपुरीला, म्हणजे इथेच, १६९५ पासून काही वर्षं होती. घाटावरचं सिद्धेश्वराचं मंदिर बघायला दहा मिनिटांचा थांबा पुरतो आणि पायही मोकळे होतात. पुढे मंगळवेढ्यापर्यंत दुतर्फा काळी जमीन, कणसाला आलेली मालदांडी ज्वारी. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

मंगळवेढ्याच्या अलीकडे एका घरगुती खानावळीत भाकरी घ्यायला थांबलो. मावशी कडक भाकरी करत होत्या. पिठात मीठ आणि तीळ, भाकरी थापायची ती इतकी पातळ की परातीचा तळ कळावा. तव्यावर दोन्ही बाजू झाल्या की त्या भाकरी चुलीच्या कडेला निखाऱ्यापाशी उभी टेकवून ठेवत होत्या. थोड्या थोड्या वेळाने हाताने फिरवायच्या, सगळीकडून पाणी आटेपर्यंत. बोटाने टिचकी मारली की टणटण वाजते ती झाली. एका मुलीने विचारलं, “मावशी, किती दिवस राहते हो ही?”

“नीट वाळली का महिनाभर बघायचं काम नाही. पण आता खाऊन घे की दोन.”

“आता नको मावशी, पळायचं हाय. आल्यावर खातो.”

मावशींना ते पटलं नाही, पण मुलीचं बरोबर होतं. कडक भाकरी आणि शेंगा चटणी हे सोलापूरच्या मुलांचं रोजचं बळ आहे, पण ज्वारीचा कोंडा आणि शेंगांचं तेल पोटात रेंगाळतं. शर्यतीच्या आधीच्या दीड दिवसात ते कमी करायचं आणि भात, चपाती, पातळ वरण, बटाटा, दही यांवर राहायचं. पंचवीस भाकऱ्या आणि अर्धा किलो चटणी डब्यात बंद झाली ती रविवारसाठी.

सांगोल्याच्या पुढे डाळिंबाच्या बागा, मग माळ सुरू होतो. नागज-ढालगावच्या पट्ट्यात पवनचक्क्या दिसू लागल्या की हवा बदलल्याचं कळतं, सोलापूरचा कोरडेपणा मागे पडतो. कवठेमहांकाळच्या बाजूला बेदाण्याची दुकानं आहेत. तिथल्या काकांनी तीन-चार प्रतीचे बेदाणे हातावर ठेवून फरक समजावला: हिरवट लांब मणी दिसायला चांगला आणि महाग, तपकिरी गोल मणी स्वस्त. धावणाऱ्याला तपकिरीच घ्यावा. साखर तेवढीच. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम बेदाण्यांत साधारण २२ ते २४ ग्रॅम कर्बोदकं मिळतात आणि पिशवीत ते चेंगरत नाहीत. दोन किलो घेतले, दौरा संपेपर्यंत पुरले.

मिरजेत चहाला थांबलो तेव्हा सतारमेकर गल्लीत डोकावलो. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून येतात, असं कारागिराने सांगितलं तेव्हा सोलापूर जिल्ह्यातली मुलं खूश झाली.

मिरजेपर्यंत वेळेत होतो. पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या. हंगामात अंकली पुलाच्या अलीकडून हातकणंगल्यापर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर एकामागोमाग चालतात आणि ओव्हरटेक करायला जागा मिळत नाही. शेवटच्या पन्नास किलोमीटरला जवळजवळ दोन तास लागले. मामा शांत होते, “उसाच्या दिवसांत तासभर जास्तीचा धरायचाच.” ज्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या बाजूला यायचं आहे त्यांनी मामांचं ऐकावं.

उतरल्यावर खोलीत आडवं व्हायचं नाही. सामान टाकून लगेच पंचवीस मिनिटं अगदी हळू धावणं आणि शेवटी ८० मीटरच्या चार सोडत्या धावा, म्हणजे फार जोर न लावता मोकळ्या पायाने वेगात धावणं. रात्री नऊला जेवण, दहाला दिवे बंद. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप कुणालाच धड लागत नाही, म्हणून त्याच्या आधीची रात्र पुरी मिळायला हवी. शर्यतीच्या एकच दिवस आधी, शनिवारी सकाळी पोचायचं ठरवलं असतं तर ही रात्र गाडीतच गेली असती. खर्च वाढतो, पण दोन रात्री आधी पोचणं सोडू नये.

शनिवार: कोर्स

सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. शंभर मीटरने दमात काही फरक पडत नाही. फरक जमिनीचा. सोलापूर सपाट आहे. आमच्या मुलांचा चढाचा सराव हिप्परगा तलावाच्या बांधावर होतो, आणि तो चढ काही सेकंदांत संपतो. इथे शहराबाहेरचा लाल मुरमाचा माळ, मध्ये वाळलेलं गवत, आणि प्रत्येक फेरीत दोनशे मीटरचा एक सलग चढ. पाच फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर नुसता चढच.

कोर्सची पाहणी कशी करावी हे नव्या संघांना कुणी सांगत नाही. पहिली फेरी चालत करायची, दुसरी हळू धावत, आणि दोन्ही शर्यतीच्या दिशेनेच. चालताना मदतनीसाने वहीत लिहून घेतलं: सुरुवातीची रेषा रुंद, पण २५० मीटरवर पहिलं डावं वळण आणि तिथे वाट पाच मीटरवर येते. चढाच्या माथ्यावर वारा समोरून. उतार चढापेक्षा तीव्र, आणि उताराच्या तळाशी लगेच पुन्हा डावीकडे वळण. शेवटचे ३०० मीटर सरळ, किंचित चढते, डोळ्यांना सपाट वाटतात. या शेवटच्या गोष्टीने खूप जण फसतात, सपाट समजून लांबून जोर लावतात आणि रेषेच्या आधी पाय जड होतात.

चढाच्या माथ्यावर एक म्हातारे वस्ताद भेटले. रोज तिकडे फिरायला येतात म्हणाले, धोतर, काठी, कानावर मफलर. मुलं चढ कशी घेतात ते थोडा वेळ बघून त्यांनी एकाला थांबवलं. “पोरा, चढाला मान खाली घालतोयस, त्येनं दम कोंडतोय. फुडं बघ की. धा पावलांवर बघ.” सर हेच महिनाभर सांगत होते. मान खाली गेली की माणूस कमरेतून वाकतो, छाती दबते आणि पाऊल मागे ढकलायच्या ऐवजी जागेवर पडतं. चढाला पाऊल आखूड, हाताचा झोका जलद, नजर दहा-पंधरा मीटर पुढे. माथा आला म्हणजे चढ संपला असं मानायचं नाही. माथ्यानंतर आणखी वीस पावलं तोच जोर ठेवायचा, कारण तिथेच सगळे श्वास घ्यायला सैल पडतात आणि दोन-तीन जागा फुकट मिळतात. उताराला मागे रेलून टाचेने ब्रेक मारला तर मांडीचा पुढचा स्नायू चौथ्या फेरीपर्यंत निकामी होतो. घोट्यातून किंचित पुढे झुकून पावलं भराभर पडू द्यायची.

दुपारी व्यवस्थापकांची बैठक झाली. बिब (छातीवर लावायचा क्रमांक), चिप (वेळ नोंदवणारी), आणि सुरुवातीच्या रेषेवर संघाने उभं राहायच्या चौकटींची सोडत. आमच्या मुलींना डावीकडून तिसरी चौकट आली, म्हणजे आतल्या वळणाची बाजू. तिथे चेंगराचेंगरी जास्त होते. निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत हरकत नोंदवावी लागते, ही वेळ मॅडमनी हातावरच लिहून घेतली. बिबला चारही कोपऱ्यांत सेफ्टी पिना लावायच्या, बिब दुमडायचा नाही, त्यात चिप असेल तर अजिबात नाही.

संध्याकाळी पुन्हा माळावर गेलो तेव्हा दोन टँकर कोर्सवर पाणी मारत होते. धूळ बसावी म्हणून केलेली सोय, हेतू चांगलाच होता. पण पाणी चढ-उतारावरही पडलं होतं. सरांनी उतारावर बुटाची टाच फिरवून पाहिली: वर अर्धा इंच गुळगुळीत चिखल, खाली तोच कडक मुरूम. रात्री दव पडणार हे उघड होतं. ६ मिमीच्या पिना बदलायचं तिथेच ठरलं. पहिला विचार १२ चा येतो, चिखल आहे म्हणून. पण १२ ची पिन चिखलातून जाऊन खालच्या कडक थराला टेकते आणि बूट वर तरंगतो. ९ मिमी बरोबर. बारा जणांच्या पिना बदलायला दोन पाने घेऊन पाऊण तास लागला, आणि गुरुवारच्या व्हॅसलिनमुळे एकही अडकली नाही.

चिखल बुटाला चिकटू नये म्हणून तळव्याला तेलाचा हात फिरवतात. खोबरेल घेऊ नका, डिसेंबरच्या पहाटे ते गोठतं. शेंगतेल किंवा सूर्यफुलाचं चालतं.

रात्रीचं जेवण साडेसातलाच: भात, पातळ वरण, दोन चपात्या, बटाट्याची बिनतिखट भाजी, दही. कोल्हापुरात येऊन बिनतिखट भाजी मागितल्यावर खानावळीच्या मालकांनी आधी विचारलं, “आजारी हायत काय सगळी?” कारण सांगितल्यावर स्वतः वाढायला आले आणि भातावर तूप सोडून गेले.

रविवार: शर्यत

मुलींची शर्यत सव्वासातला, मुलांची सव्वाआठला. या दिवसांत कोल्हापुरात उजाडायला पावणेसात-सात होतात, म्हणजे सगळी तयारी अंधारात. टॉर्च दोन तरी हवेत.

मुली साडेचारला उठून खाऊन बसल्या. दोन केळी आणि जॅम लावलेले ब्रेडचे तीन तुकडे, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. पन्नास किलोच्या मुलीला तीन तास आधी इतकं पुरतं. पाचपर्यंत ४०० मिली पाणी, नंतर फक्त घोट. ज्यांना रोज चहा लागतो त्यांनी अर्धा कप घेतला. नवीन काहीही, मग ते कितीही पौष्टिक असो, या सकाळी तोंडात घालायचं नाही.

मैदानावर पोचल्यावर पहिलं काम शौचालयाची रांग. शर्यतीच्या तासभर आधी ती सर्वांत लांब असते, म्हणून दीड तास आधी एकदा उरकून घ्यावं. सोबत कागद आणि साबण हवाच. सव्वासहाला वॉर्मअप: पंधरा मिनिटं हळू धावणं, दहा मिनिटं ड्रिल, ट्रॅकसूट अंगावरच. स्पाइक्स चढवल्या पावणेसातला, नाडीला दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली. त्या घालूनच चार सोडत्या धावा, म्हणजे जमीन पायाला कळते. ट्रॅकसूट उतरवायचा तो चौकटीत गेल्यावर, अगदी शेवटी.

सूचना तीनच होत्या. पहिल्या २०० मीटरला जलद, पण वळणापर्यंत श्वास जागेवर. तिसरी, चौथी आणि पाचवी धावपटू ६ किलोमीटरपर्यंत एकत्र. आणि उताराच्या तळाच्या वळणावर आतून नाही, बाहेरच्या गवतावरून. आतली बाजू साबण लावलेल्या फरशीसारखी झाली होती. बाहेरून गेलं तर फेरीला दोन मीटर वाढतात, पाच फेऱ्यांत दहा. किलोमीटरला चार मिनिटांच्या वेगाने दहा मीटर म्हणजे अडीच सेकंद. घसरून पडण्यापुढे हे काहीच नाही.

पहिल्याच फेरीत त्या वळणावर पुढच्या घोळक्यातल्या काही जणी घसरल्या. आमच्या तिघी बाहेरून, एकीमागे एक, पाऊल न चुकता गेल्या. सर माथ्यावर उभे होते, मदतनीस उताराच्या खाली वही घेऊन. शर्यतीत शिक्षकाने ‘पळ पळ’ ओरडून उपयोग नाही, मुलगी पळतच असते. तिला आकडा सांगावा: कितवी आहेस, पुढचीला गाठायला किती सेकंद, आपली पुढची कुठे आहे. आणि जागेवरून सांगावं. बाजूने धावत साथ दिली तर धावपटूच बाद होऊ शकते.

तिसऱ्या फेरीअखेर वहीत चौथीचा क्रमांक ४३ होता. चौथ्या फेरीच्या चढावर ती ३८ वर आली, शेवटच्या चढाच्या माथ्यानंतरच्या वीस पावलांत आणखी दोन जणी मागे टाकल्या. शेवटच्या सरळ ३०० मीटरला तिने अर्ध्यावर जोर लावला, आधी नाही, आणि ३४ वी आली. चौघींचे क्रमांक १३, २१, २९ आणि ३४. बेरीज ९७. दुसऱ्या एका संघाचे ६, २०, ३२ आणि ३९. बेरीज तीच, ९७. त्यांची पहिली आमच्या पहिलीपेक्षा सात जागा पुढे होती, पण बरोबरीत बघतात चौथीकडे. तिसरं स्थान आमच्या मुलींना मिळालं. त्या चौथीला मॅडमनी उचलूनच घेतलं.

मुलांना तोच कोर्स मिळाला नाही. सगळ्या संघांच्या मुली पाच-पाच फेऱ्या धावून गेल्यावर बाहेरचं गवतही उखडलं होतं आणि पिनांच्या मधे चिखल भरत होता. आमचा चौथा धावपटू तिसऱ्या फेरीत तळाच्या वळणावर आपटला आणि उठेपर्यंत पंधरा जण पुढे गेले. तो उठून लगेच सुसाट सुटला नाही हे फार चांगलं केलं. पडल्यावर धडधड वाढलेली असते, त्यात जोर लावला तर पुढच्या फेरीत माणूस संपतो. गेलेल्या जागा चारशे-पाचशे मीटरमध्ये थोड्या थोड्या भरून काढायच्या. त्याने आठ जागा परत मिळवल्या. १९, ३३, ४७, ६६; बेरीज १६५, सहावं स्थान.

रेषा ओलांडल्यावर आडवं न होता चालत राहायचं, पाच-दहा मिनिटांत घामाचे कपडे बदलायचे, मग पंधरा मिनिटं हळू धावणं. केळी, बेदाणे आणि मीठ-साखरेचं पाणी तयार होतं: एक लिटर पाण्याला सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट भरून. आणि मग डबा उघडला. मावशींच्या भाकऱ्या माळावर बसून शेंगा चटणी आणि दह्याशी संपल्या. शेजारी बसलेल्या कोकणातल्या मुलींनी पहिल्यांदाच कडक भाकरी चाखली आणि चटणीचा डबाही रिकामा करून दिला.

संध्याकाळी अंबाबाईचं दर्शन, मग तांबडा-पांढरा. दोन दिवस दह्या-भातावर काढलेल्या मुलांनी पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या मोजायच्या सोडून दिल्या होत्या. रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. समोर म्हैस उभी, धार काढून फेसाळ दूध ग्लासात. कोल्हापूरकर पिढ्यान्‌पिढ्या तिथे उभे राहून पितात. ज्यांना कच्च्या दुधाची सवय नाही त्यांनी तापवलेलं मागून घ्यावं, आणि शर्यतीच्या आधी कुणीच जाऊ नये.

ज्यांनी कोल्हापुरी चपला घेतल्या त्यांना सरांनी पिशवीतच ठेवायला लावल्या. नवं चामडं अंगठ्याला चावतं. आधी पट्ट्यांना आतून तेल लावून दोन दिवस मुरवायचं आणि मग घरातल्या घरात थोडा थोडा वेळ वापरायच्या. धावणाऱ्याला बोटावरचा फोड आठवडाभर महाग पडतो.

सोमवार: परत

सकाळी रंकाळ्याकाठी पंचवीस मिनिटं, बोलता येईल इतक्या वेगाने. उतारामुळे सगळ्यांच्या मांड्या पुढून भरल्या होत्या, सपाटावरच्या १० किमीनंतर पोटऱ्या भरतात. नाश्त्याला मिसळ झाली, गाडी लागणाऱ्यांनी पोहे घेतले.

परतीचा रस्ता तोच, ट्रॉल्या मात्र कमी. मामा पहाटे टायर बघून ठेवतात म्हणून त्या बाबतीत लिहिण्यासारखं काही घडलं नाही. सांगोला-मंगळवेढ्याच्या मधे एका शेतकरी काकांनी स्वतः हात करून गाडी थांबवली. काचेवर चिकटवलेला महाविद्यालयाचा फलक त्यांनी वाचला होता आणि त्यांचा पुतण्या तिथेच शिकून गेला होता. हुरडा नुकताच सुरू झाला होता. आगटीत गोवऱ्यांची धग, त्यात कोवळी कणसं सरकवलेली, भाजली की काकांचे भाऊ ती तळव्यावर चोळून दाणे वेगळे करत आणि फुंकर मारून कोंडा उडवून गरम गरम हातावर ठेवत. सोबत गूळ, दही, आणि शेंगा चटणीच. पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या स्थानाचं चषक त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि पाठीमागे काय लिहिलंय ते दोनदा वाचलं.

साडेपाचला सोलापूर. उतरल्या उतरल्या स्पाइक्स धुऊन घेतल्या: पिना काढायच्या, तळवा साध्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर तळव्याचा डिंक सुटतो.

मंगळवारी सुटी, बुधवार-गुरुवार अर्धा-अर्धा तास हलकं, जोराचा सराव पुढच्या सोमवारपासून. चढ बांधावर जमतो आहे, कमी पडतो तो ओला उतार आणि त्याखालचं वळण. जानेवारीपासून दर शनिवारी बांधाच्या पायथ्याशी वीस मीटरचा पट्टा बादलीने भिजवून, शंकू लावून, ९ मिमीच्या पिनांवर उतरून वळायच्या दहा-दहा फेऱ्या ठरल्या आहेत. पहिल्या पाच निम्म्या वेगाने, पुढच्या पाच शर्यतीच्या वेगाने, आणि पहिला नंबर मुलांच्या चौथ्या धावपटूचा.